पहिली बारा बिलं
आमच्या मालकांची इलेक्ट्रिकल सामानाची दोन दुकानं आहेत, एक इचलकरंजीत, दुसरं जयसिंगपुरात. इकडे टॅली, तिकडे जुनं बिलिंग सॉफ्टवेअर. महिनाअखेरीला दोन्हीकडचा डेटा एकत्र करून उधारीची यादी काढायचं काम माझ्याकडे.

२०२४ च्या एप्रिलच्या यादीत जयसिंगपूरचं एक जुनं गिऱ्हाईक थकबाकीदार दिसलं. वसुलीचा फोन गेला. त्यांनी तर पैसे रोख भरले होते, पावतीही हातात होती. माणूस दुखावला. मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी एकेक ओळ तपासली. जमेच्या नोंदी बिल नंबरवरून बिलांना जोडायच्या असतात. तिकडचे नंबर १/२४, २/२४ असे. बिलांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) मी डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली होती. तेवढ्यात ३/२४ चं झालं मार्च २०२४! १३ वा महिनाच नसल्यामुळे १३/२४ पासूनची बिलं शाबूत राहिली, पहिल्या बारांची मात्र तारीख झाली. बेरीज बरोबर, पण ती बारा बिलं जमेला जोडलीच गेली नाहीत.

आता मूळ फाइलला हात लावत नाही. एक्सेलच्या डेटा टॅबमधून ती आत घेते आणि बिल नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करते.

नावांचा घोळ त्याहून मोठा. एकच दुकान इकडे 'महालक्ष्मी इलेक्ट्रिकल्स', तिकडे 'श्री महालक्ष्मी इले.' म्हणून मी नावावर जातच नाही, १५ अक्षरी जीएसटी नंबरावर जोडते. ज्यांच्याकडे तो नाही त्यांचा मोबाइल नंबर. परत आलेला माल एका फाइलमध्ये वजा चिन्हाने येतो, दुसरीत साध्या आकड्याने. तेही आधी सारखं करून घ्यावं लागतं, नाहीतर परतीचा माल विक्रीत मिळवला जातो.

सगळ्यात मोलाची सवय लावली ती आमच्या अकाउंटंट काकांनी. डेटा हलवायच्या आधी वहीत ताळा लिहायचा: किती बिलं, किती परतीची, एकूण रक्कम, जमा न जुळलेली बिलं किती. त्या दिवशी हा शेवटचा आकडा लिहिलेला असता तर तो फोन गेलाच नसता.

या महिन्याची नोंद: जयसिंगपूर, ४१२ बिलं, ९ परतीची. एकत्र केल्यावरही ४१२ आणि ९ आली, जमा न जुळलेली ३१ ची ३१. मग यादी मालकांकडे पाठवली.