आमचं गाव असं आखीव कसं?

मराठवाड्यातल्या आमच्या गावी पाहुणा आला की हा प्रश्न ठरलेलाच. गल्ल्या सरळ, घरं सुटी-सुटी, रस्ते रुंद. खेडं वाटतच नाही, कॉलनी वाटते. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

हे गाव आमचं दुसरं. पहिलं इथून दीड-दोन किलोमीटरवर होतं. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. किल्लारीच्या त्या भूकंपात हजारो माणसं गेली. पुढं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं उठवून नव्या जागी वसवली, त्यातलं हे एक. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. त्या पहाटेबद्दल याहून जास्त मला सांगवत नाही.

जुन्या गावाबद्दल मात्र कितीही सांगेन. घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात आणखी माती टाकायची, तुडवायची. वर्षानुवर्षं असं ओझं चढत गेलं आणि त्या रात्री तेच अंगावर आलं. पण तीच माती वैशाखात घर गार ठेवायची. भिंतीतल्या बळदात वर्षाची ज्वारी मावायची. माळवदाला माळवद लागलेलं, त्यामुळं आज्जी कुरडया वाळत घालायला वर चढली की खाली न उतरता चार घरं पलीकडच्या मावशीकडं जाऊन यायची. सान्यातून, म्हणजे माळवदाला ठेवलेल्या झरोक्यातून, खाली हाक मारली की चुलीपाशी बसलेली बाई वर बघून बोलायची. रात्री आम्ही पोरं वरच झोपायचो. कुणाच्या माळवदावर डोळा लागला याची चौकशी सकाळीच व्हायची.

नवी घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, त्याच्या वर 750. घर पक्कं मिळालं, त्याचे उपकार मी विसरत नाही. पण आमच्या गावात एका मापाची घरं एका बाजूला बांधली, आणि पिढ्यान् पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेले शेजारी तीन टोकांना गेले. मावशीला जमीन नव्हती. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि आज्जीचे गुडघे दुखायचे. मला त्या आखणीतली ही एक गोष्ट अजून सलते: मोजणारांनी शेत मोजलं, शेजार विचारला नाही.

जुन्या जागेत आता वेड्या बाभळी आहेत. शेताला जाताना वाटेत लागतात.

गेल्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न होतं. आवतण द्यायला निघालो तेव्हा आई घरं सांगत होती: वेशीतून आत आलं की पहिलं पाटलाचं, मग सुताराचं, मग मावशीचं, मग चावडीमागची दोन. मी म्हटलं, ह्या क्रमानं गेलो तर सगळं गाव पाच वेळा आडवं-उभं तुडवावं लागेल. ती म्हणाली, "तसंच जायचं बाबा. मावशीच्या आधी चावडीमागं आवतण कसं जाईल?"

तसंच गेलो. सकाळी आठला निघालो होतो, शेवटचं घर झालं तेव्हा दिवेलागण झाली होती.