चित्राजवळ उभा राहणारा माणूस

मालवण तालुक्यातील आमच्या गावात समकालीन कलेचे प्रदर्शन भरवण्यासाठी मी डिसेंबर महिना निवडला, कारण तोवर भाताची झोडणी आटोपून खळी सारवलेली असतात आणि लोकांना संध्याकाळी थोडी उसंत मिळते. जुन्या चिऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकला की लाल भुगाच हाती येत असल्यामुळे आम्ही चतुर्थीची माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची लाकडी चौकट, खळ्यात बांधली आणि कागदावरची चित्रे सुंभाने तिला टांगली. पहाटेच्या दवाचा विचार मात्र मी केला नव्हता; सकाळी दोन चित्रे पापडासारखी वाकलेली होती. त्यानंतर रोज रात्री ती उतरवून पडवीत नेण्याचे काम वाढले.

प्रसिद्धीसाठी छापलेल्या पत्रिकेतील ‘अवकाश’ आणि ‘अस्मिता’ हे शब्द कोणी वाचले असतील, असे मला वाटत नाही. गर्दी जमली ती जत्रेच्या रात्री, दशावतार सुरू होण्यापूर्वी देवळाच्या माइकवरून सांगितलेल्या दोन वाक्यांमुळे.

गावातील माणसाला चित्र कळत नाही, ही तक्रार मला मुळातच मान्य नाही. गणपतीमागची भिंत दर वर्षी नव्याने रंगवून घेणाऱ्या सिंधुदुर्गात तर ती मुळीच टिकत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी कलावंत पोथीतील एकेक चित्र पुढे धरून त्याची कथा गाऊन सांगतात. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेथे चित्र आणि सांगणारा यांची फारकत होत नाही. आपण मात्र चित्र टांगतो, खाली बारीक अक्षरात चिठ्ठी डकवतो आणि निघून जातो. मुंबईच्या कलावंत नवज्योत अल्ताफ 1997 पासून छत्तीसगडच्या बस्तरमधील कोंडागावात स्थानिक आदिवासी कलावंतांबरोबर काम करत आल्या आणि त्यातून हातपंपाभोवतीचे नळपार उभे राहिले, म्हणजे रोज पाणी भरायला येणाऱ्या बायकांच्या वाटेवरच कला आली. इतक्या वर्षांच्या सहवासापुढे आमचे पाच दिवस फारच अपुरे होते, हे कबूल करतो.

तरीही सांगणारा आम्हाला मिळाला. मुंबईच्या एका तरुण चित्रकर्तीने टाकून दिलेल्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्याचे मांडणीशिल्प केले होते. रापण ओढण्यात हयात गेलेले एक आजोबा बराच वेळ ते न्याहाळत राहिले आणि म्हणाले, “जाळां उलटां टांगलास. शिसां कधी वर ऱ्हवता?” शिशाचा दोर तळाशी जातो, बुचांचा पाण्यावर तरंगतो, हे त्यांनी हाताने जाळे ताणून दाखवले, मग दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्यांच्या रांगा आणि मासळीची वाटणी हेही सांगितले. पाहता पाहता वीसेक माणसे भोवती गोळा झाली. चित्रकर्तीने रात्रभर विचार करून जाळे उलटेच ठेवायचे ठरवले. आजोबांना ते अजिबात पटले नाही, आणि ते कसे चुकले आहे हे येणाऱ्या प्रत्येकाला समजावण्यासाठी ते उरलेले चारही दिवस संध्याकाळी जाळ्यापाशी हजर राहिले.