ऑस्करसाठी सहा फुटांची टाकी

दोन टायगर ऑस्कर मासे घरी आणले तेव्हा ते अंगठ्याएवढे होते. सोबत एक ‘शार्क’ही घेतला, चंदेरी, चार इंची. दुकानदार म्हणाला, दोन फुटांची टाकी पुष्कळ झाली, मासा टाकीच्या मापानेच वाढतो. मी विश्वास ठेवला. टाकी लहान म्हणून मासा सुखाने लहान राहत नाही. तो खुरटतो, आजारी पडतो, लवकर मरतो.

आठ महिन्यांत ऑस्कर वीतभर झाले. एका संध्याकाळी बाबा टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले नि म्हणाले, “अरे, याला वळायला जागा कुठं आहे?” मी टेप लावला. टाकीची रुंदी 12 इंच आणि पूर्ण वाढलेला ऑस्करही 12 इंचांचा! तोवर मी फक्त लांबीच मोजत होतो. मोठ्या माशाला आधी रुंदी लागते, मग लांबी. उंची सगळ्यात शेवटी.

शार्कचे हाल तर बघवत नव्हते. तो शार्क नव्हेच, पंगास. बाजारात ‘बासा’ म्हणून ज्याचे काप मिळतात तोच. मूळचा मेकाँग नदीतला, थव्याने फिरणारा, मीटरभर वाढणारा मासा. लाइट लावला की दचकून काचेवर आदळायचा, नाक सोलून निघालं होतं. “खांडेपार नदीत नेऊन सोड,” असं दोघातिघांनी सुचवलं. परक्या मुलखातला मासा आपल्या नदीत सोडायला माझं मन तयार होईना. शेवटी ओळखीच्या एकाने त्याला आपल्या मत्स्यशेतीच्या तळ्यात घेतलं.

दोन ऑस्करना चार फुटांच्या टाकीत कसंबसं भागलं असतं, पण त्यांच्यासोबत आणखी मासे हवे होते. म्हणून 6 बाय 2 बाय 2 ठरवली. 24 घनफूट म्हणजे जवळजवळ 680 लिटर. पाणी, 12 मिलिमीटरची काच, दगड, लोखंडी अँगलचा स्टँड, सगळं मिळून नऊशे किलोंच्या आसपास. आमचं चिऱ्यांचं जुनं घर, तळमजला, म्हणून निभावलं. फ्लॅटमध्ये असतो तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवली नसती.

सोबती निवडताना एकच कसोटी लावली: ऑस्करच्या तोंडात मावेल ते त्याचं खाणं. त्यामुळे टेट्रा, गप्पी बाद. रूपचंद फार वाढतो, तोही बाद. सिल्व्हर डॉलर पाच घेतले. ते उंच, चपटे असतात, गिळता येत नाहीत, आणि थव्यात असले की बिनधास्त फिरतात. एक सेव्हरम घेतला. तो ऑस्करचाच नातेवाईक, पण स्वभावाने मवाळ. नवे मासे रात्री लाइट बंद करून सोडले, त्याआधी दगडांची जागा बदलली. जुन्यांना आपली हद्दच ओळखू येईना, मग भांडणार कशावरून?

जुन्या फिल्टरचा स्पंज न धुता नव्यात घातला. त्यातल्या जीवाणूंमुळे नवं पाणी लवकर तयार होतं. तरी माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आलेले पाणी तपासायच्या किटवर दिसेपर्यंत एकही मासा हलवला नाही. आमच्या विहिरीचं पाणी फार मृदू, म्हणजे क्षार कमी, त्याचा पीएच एकाएकी घसरून ते आम्लधर्मी होण्याची भीती. म्हणून आईने बाजूला ठेवलेल्या तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) शिंपल्या उकळून, घासून फिल्टरमध्ये घातल्या. त्यांच्यातला चुना हळूहळू पाण्यात उतरतो, पीएच सावरतो. पावसाळ्यात वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप आहे. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलतो, ते परसातल्या केळींना जातं.

गेल्या आठवड्यापासून दोन ऑस्कर एक सपाट दगड घासून साफ करताहेत. अंडी घालणार असावेत. अशा वेळी ते फार आक्रमक होतात, म्हणून मधे लावायची जाळी कापून तयार ठेवली आहे. सेव्हरम सध्या दुसऱ्या टोकाला, फिल्टरच्या आडोशाला असतो.