आईने ट्रॅश पण रिकामा केला

मागच्या उन्हाळ्यात आईचा फोन भरला. भरला म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो उघडेना इतका. मी ऑफिसात होतो, तिथूनच ऐटीत सांगितलं, अगं उडव बिनधास्त जुने फोटो, घरच्या सर्व्हरवर सगळं आहे. आई माझ्यापेक्षा शिस्तीची, तिने फोटो तर उडवलेच, वर ट्रॅशही रिकामा केला, कारण त्याशिवाय जागा मोकळी होत नाही हे तिला कुठूनतरी माहीत होतं. संध्याकाळी घरी येऊन सर्व्हरवर बघतो तर तिचं फोल्डर लख्ख. झाडून पुसून घेतल्यासारखं.

आता हा सर्व्हर म्हणजे काय, तर स्क्रीन गेलेला एक जुना थिंकपॅड लॅपटॉप आणि २ टीबीची यूएसबी हार्डडिस्क, राउटरशेजारी चपलांच्या कपाटावर. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजचं फुकट अनलिमिटेड प्रकरण संपलं आणि मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबीत बसवा असं झालं, तेव्हापासून हे डोक्यात होतं, मुहूर्त बऱ्याच उशिरा लागला. डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम टाकायला लॅपटॉप टीव्हीला जोडला, तेवढा वेळ बाबांच्या बातम्या बंद, त्याचं जे ऐकून घेतलं ते वेगळंच. डिस्क २ टीबीची घेतली आणि दिसतेय १.८, यावर बाबांचं मत की दुकानदाराने गंडवलं. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने मोजतो, हे मी दोनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं.

रास्पबेरी पाय, म्हणजे तो तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, का नाही घेतला असं मित्र विचारतात. एक तर लॅपटॉप फुकट होता, आणि दुसरं म्हणजे पुण्यात गुरुवारी लाइट जाते, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस आत आयताच. फक्त २४ तास चार्जरवर ठेवली तर बॅटरी फुगायची भीती असते, म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल अशी सेटिंग केली. झाकण बंद केलं की मशीन झोपायचं, ते डेबियनच्या सिस्टमडी नावाच्या भागाच्या सेटिंगमध्ये झाकणाकडे दुर्लक्ष कर असं सांगून टाकलं. वीज म्हणाल तर १२-१५ वॅट, महिन्याला नऊ ते अकरा युनिट. आईला तरी ते लुकलुकणारं प्रकरण रात्री चालू ठेवणं पटत नाहीच.

पहिल्यांदा सगळा डेटा टाकताना जाम वैताग आला. सुमारे ४०० जीबी, आणि स्पीड सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना, मी डिस्कला शिव्या देतोय, दहा तास गेले त्यात. नंतर कळलं की लॅनची केबल जुनी, आतल्या चारपैकी दोनच जोड्या धड, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या स्पीडला, चारही लागतात, म्हणून सगळं १०० एमबीपीएसवर अडकलेलं (हे मेगाबिट, एमबी हवे तर आठाने भागा). इलेक्ट्रिक सामानाच्या तपकीर गल्लीतून नवी केबल आणली, काम झालं.

तर फोटो गेले कसे. फोनवरून सर्व्हरवर फोटो आणायला मी सिंकथिंग हे सॉफ्टवेअर लावलं होतं. (त्याचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता लोक त्याच्याच कोडवरून दुसऱ्यांनी चालवलेलं अ‍ॅप, म्हणजे फोर्क, वापरतात, मीपण तेच.) सिंकथिंगने काही चूक केली नाही हो, नाव सिंक आहे, दोन्हीकडे सारखं ठेवणं हेच त्याचं काम. डिलीट हाही त्याच्या लेखी एक बदलच. मी सर्व्हरवर ‘रिसीव्ह ओन्ली’ ठेवलं होतं आणि छातीठोकपणे समजत होतो की आता इथलं काही जाणार नाही, पण त्याचा अर्थ इथले बदल फोनवर जाणार नाहीत एवढाच, फोनवरचं डिलीट इकडे येतंच. जुन्या फाइली बाजूला ठेवायची व्हर्जनिंगची सोय आहे त्यात, मुळात बंद असते, मी बघितलीच नव्हती. वर्षभर मी बॅकअप बॅकअप म्हणत होतो तो नुसता आरसा होता. मावसभावाच्या मुंजीचे फोटो मावशीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर परत आले, बारीक होऊन.

त्यानंतर व्हर्जनिंग चालू केलं आणि शिवाय रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर चालतं, ते रोजची वेगळी प्रत धरतं पण न बदललेलं परत साठवत नाही, त्यामुळे जागा फार खात नाही. त्यातही एकदा फटका बसलाच. यूएसबीची दुसरी डिस्क बाहेरच्या वीजेवर चालणारी, गुरुवारी लाइट गेली, आली, डिस्क परत माउंट झालीच नाही, म्हणजे सिस्टमला जोडली गेली नाही. डिस्क ज्यात दिसते तो फोल्डर मात्र रिकामा जागेवर, मग बॅकअप चालवणाऱ्या स्क्रिप्टने इमानदारीत त्या फोल्डरातच नवा बॅकअप सुरू केला आणि लॅपटॉपची आतली छोटी डिस्क (एसएसडी) गच्च भरली. आता स्क्रिप्टची पहिलीच ओळ डिस्क खरंच लागलीय का ते बघते, नसेल तर गप्प न बसता मला मेसेज टाकते.

चोरी, पाणी, शॉर्टसर्किट यासाठी एक तिसरी डिस्क सांगलीला ताईकडे असते. गणपतीला जाताना ताजी घेऊन जायची, तिथली घेऊन यायची, दिवाळीला परत तेच. रेस्टिक सगळं एन्क्रिप्ट करतं, पासवर्ड हरवला तर विषय संपला, म्हणून तो कागदावर लिहून बाबांच्या रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवलाय, कारण आमच्या घरात ती एकच फाइल आजवर हरवलेली नाही. आणि महिन्यातून एकदा कुठलेतरी दहा-वीस फोटो परत काढून उघडून बघतो.

आईला हे सगळं समजावून सांगितलं, आता खरंच उडवलेस तरी चालतील म्हणलं. तिने मान डोलावली. फोन परत भरलाय, एकही फोटो डिलीट केलेला नाही.