पुरंदरचे वीस गुंठे : फळझाडांआधी पालापाचोळा

मार्चमध्ये नांगरट झाली तेव्हा डोक्याएवढी ढेकळं निघाली. वळवाच्या सरींनी ती फुटली, कुळवाची एक पाळी दिली आणि तिथेच थांबलो. रोटाव्हेटर मारून जमीन भुसभुशीत करा, असं येणारा-जाणारा सांगत होता. पण खालच्या अंगाला हराळी आहे. तिचे तुकडे करणं म्हणजे तिची लागवडच. त्यापेक्षा नांगराने वर आलेल्या काशा, म्हणजे तिच्या जमिनीतल्या गाठाळ मुळ्या, उन्हात वाळू दिल्या आणि वेचून बांधावर टाकल्या. काम कंटाळवाणं, पण फरक पडला. लव्हाळ्यावर मात्र अजून उपाय नाही. तो सावलीनेच हटेल.

उतार डोळ्याला किरकोळ वाटतो. तीन बांबू, दोरी आणि एक दगड यांचा ए-फ्रेम करून समतल रेषा आखल्या, तेव्हा त्या कोयत्यासारख्या वाकड्या आल्या. झाडांच्या ओळी त्याच रेषांवर, बारा-बारा फुटांवर. मधल्या पट्ट्यांत ताग फेकला, बेणं एकरी पंचवीस किलोच्या हिशेबाने. उघड्या, ताज्या नांगरलेल्या मुरमाड जमिनीवर मृगाचा पहिला जोरदार पाऊस वरची माती घेऊन ओढ्याला जातो, म्हणून आधी ती झाकायची. आंबा-चिंच कुठे जात नाहीत.

ताग सहसा फुलोऱ्याच्या सुमाराला जमिनीत गाडतात. मी गाडला नाही, कापून ओळींवर अंथरला. गाडलेला झपाट्याने कुजतो. मला खतापेक्षा ओल हवी होती, कारण इथे श्रावणात पाऊस हमखास दडी मारतो. अर्धा ताग फुलांआधी कापला. तो कोवळा, त्यामुळे लवकर मातीत मिसळला. उरलेला फुलोऱ्यानंतर कापला. त्याचे दांडे चिवट झाले होते आणि ते आच्छादन अजून टिकून आहे. एकाच बियाण्यातून ही दोन कामं होतात, तेव्हा सगळा एकदम कापू नका.

ओळींत सध्या तूर, एरंडी, शेवरी आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). गिरिपुष्पाचे मनगटाएवढे दांडे पावसाच्या तोंडावर रोवले, बरेचसे फुटले. शेवरी म्हणजे शेळ्यांची मेजवानी, म्हणून ती आतल्या ओळींत. गिरिपुष्पाला इथल्या शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून ते कडेला. बांधावर घायपात आधीचंच आहे.

इथे एक मतभेद मांडतो. अर्न्स्ट ग्योच यांनी ब्राझीलच्या बाहियात उजाड जमिनीवर जंगलासारखी शेती उभी केली. त्या पद्धतीचे व्हिडिओ पाहून आपल्याकडे केळी आणि निलगिरी दाटीने लावायची हौस आली आहे. तिथे पाऊस भरपूर. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. दाट लावा, वेळेवर छाटा, कापलेलं जमिनीवर टाका, हे तत्त्व घ्यावं. झाडं मात्र इथलीच. माझ्या मते इथली केळ म्हणजे तूर. तिचं सोटमूळ कडक थरात उतरतं, गाठींतून नत्र मिळतं, डाळ घरात येते आणि तुराट्या पुन्हा आच्छादनाला.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं द्रावण, ठरल्या मापाने करतो: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. ते नुसत्या उघड्या मातीवर ओतण्यात मला अर्थ वाटत नाही. आच्छादनाखाली ओल असतानाच देतो. कच्चं शेणखत मात्र अजिबात नको, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला ते आमंत्रण ठरतं. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी बांधावरच्या बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे.

पुढच्या पावसाळ्यात सीताफळ. पिशवीतलं रोप न आणता बी भिजवून जागेवरच टोकणार, म्हणजे सोटमूळ वळत नाही. उगवण सावकाश होते आणि रोपाला पहिला उन्हाळा जड जातो, म्हणून तुरीचा खोडवा, म्हणजे कापणीनंतर बुंध्यातून पुन्हा फुटणारी तूर, ओळीच्या पश्चिमेला ठेवायचा विचार आहे. मुरमाड जमिनीत खोडवा उन्हाळाभर तग धरतो का, याचा अनुभव कुणाला असेल तर कळवा. नाहीतर ती सावली एरंडीकडून घ्यावी लागेल.