नैराश्य ओळखायला आम्हाला लागलेले चार महिने

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. मी नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातो आणि आम्ही सिडकोत राहतो. गेल्या वर्षी जूनपासून तिला नैराश्य आले होते, पण तो आजार आहे हे आम्हाला ऑक्टोबरच्या तोंडावर कळले. तिच्या परवानगीने हे लिहीत आहे. काय गाळायचे हेही तिनेच सांगितले आहे.

दहावीची परीक्षा संपताच आम्ही तिला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या क्लासला घातले होते. तोपर्यंत दोन वर्षे ती ढोल पथकात वाजवत असे, आणि नाशिकमध्ये ज्यांची मुले पथकात आहेत त्यांना हे वेड काय असते ते ठाऊक आहे. पावसाळा सुरू झाला की सराव सुरू होई, रात्री घरी आली की बोटांवरच्या चिकटपट्ट्या सोलून काढत ती आईला नवा ताल तोंडाने म्हणून दाखवी. गेल्या वर्षी सराव सुरू झाला तेव्हा ती गेली नाही. अभ्यास आहे, असे तिने सांगितले आणि आम्हाला त्याचा आनंद झाला. आज मला सर्वांत जास्त सलते ते हेच, की तिच्यातला पहिला मोठा बदल आम्ही शहाणपण समजून बसलो.

कारण अभ्यासही होत नव्हता. ती पुस्तक उघडून तासन्‌तास त्याच पानावर बसलेली असे. रात्री दोन-तीनपर्यंत जागी आणि सकाळी उठता उठत नसे. डबा परत येई तेव्हा पोळीचा एक कोपरा तेवढा तुटलेला असे. केस धुवायला सांगितले तरी ती अंगावर येई, धाकट्या भावावर ओरडे, आणि मग दार लावून घेई. रडताना आम्ही तिला एकदाही पाहिले नाही, आणि उदास माणूस म्हणजे रडणारा माणूस अशी माझी समजूत असल्यामुळे मी त्याला उद्धटपणा समजलो. या वयात नैराश्य पुष्कळदा उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपात दिसते, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितले.

पोटदुखी आणि डोकेदुखीची तक्रार वाढली तेव्हा आम्ही घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासले, थायरॉइड पाहिले. हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ही तपासणी आवश्यकच होती, कारण थायरॉइड बिघडले किंवा रक्त कमी असले तरी माणूस असाच गळून जातो. परंतु महिनाभर गोळ्या घेऊनही फरक पडला नाही, तेव्हा पुढचा प्रश्न विचारायला हवा होता आणि तो आम्ही विचारला नाही. क्लासच्या शिक्षकांनी ‘लक्ष नाही, मोबाईल काढून घ्या’ असे सुनावले. आम्ही मोबाईल काढून घेतला आणि तिचे मैत्रिणींशी उरलेसुरले बोलणेही बंद पाडले. माझ्या मेहुणीने त्र्यंबकेश्वरला शांत करून घ्यायला सांगितले, तेही केले. श्रद्धेला माझा विरोध नाही, पण त्या गडबडीत आणखी तीन आठवडे गेले.

माझा पुतण्याही त्याच वयाचा आहे. तोही आईशी भांडतो, उशिरा उठतो, विचारले तर एका शब्दात उत्तर देतो. त्यामुळे ‘हे वयच असे’ म्हणणे सोपे होते. फरक होता तो असा, की पुतण्या घरात फुगून बसला तरी संध्याकाळी क्रिकेटला जातो, मित्रांत हसतो, आवडीची भाजी असली की दोनदा वाढून घेतो. माझ्या मुलीचे घरात, क्लासात, मैत्रिणींत, ताटावर, सगळीकडे एकदमच मिटले होते, आणि तेही सलग कित्येक आठवडे. डॉक्टर नंतर म्हणाले की बहुतेक वेळ असे दोन आठवडे राहिले आणि झोप, जेवण, अभ्यास यांवर परिणाम दिसू लागला, तर दाखवायला यावे. आम्ही त्याच्या कितीतरी पुढे गेलो होतो.

सप्टेंबरच्या शेवटी रद्दी काढताना पत्नीला मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर एक वाक्य सापडले: ‘मी नसते तर बाबांची फी वाचली असती.’ पत्नीने त्याचा फोटो मला पाठवला तेव्हा मी रात्रपाळीला होतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर येऊन मी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत करणाऱ्या सेवेच्या, क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे आणि रात्रीही चालू असते. मला ती कारखान्यातल्या एका फलकामुळे माहीत होती. मराठीत बोलणाऱ्या समुपदेशक बाईंनी मला आधी श्वास घेऊ दिला. मग कधीपासून, झोप कशी, खाणे कसे, मरणाविषयी कधी बोलली का, आत्ता तिच्याजवळ कोण आहे, असे एकेक करून विचारले. आजीच्या गोळ्यांचा डबा आणि घरातली इतर औषधे आजच कुलपात ठेवा, तिला एकटे ठेवू नका आणि तिला सरळ विचारा, असे त्यांनी सांगितले. मी घाबरून म्हणालो, “विचारल्याने नको ते डोक्यात यायचं.” त्या म्हणाल्या की तसे होत नाही, उलट मनात ते असेल तर कुणीतरी विचारले याने मुलांना हलके वाटते.

सकाळी घरी आल्यावर मी तिच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसलो. शब्द जुळवायला मला बराच वेळ लागला. “बाळा, जगूच नये असं तुझ्या मनात येतं का?” ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पुष्कळ वेळाने म्हणाली, “येतं, बाबा.” काही ठरवले आहे का, असेही मी विचारले, कारण बाईंनी ते विचारायला बजावले होते. “नाही. फक्त थकलेय.” मी रागावलो नाही, समजावले नाही, आपण डॉक्टरांकडे जाऊ एवढेच म्हणालो. ती लगेच हो म्हणाली. ती आमच्या विचारण्याचीच वाट पाहत होती असे मला वाटते.

दुसऱ्याच दिवशी केसपेपर काढून आम्ही जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. डॉक्टरांनी आधी आमच्याकडून सारे ऐकले आणि मग आम्हाला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलले. तू सांगशील ते माझ्याजवळच राहील, मात्र तुझ्या जिवाला धोका दिसला तर आईबाबांना सांगावे लागेल, हे त्यांनी तिला आमच्यासमोरच स्पष्ट केले. मध्यम स्वरूपाचे नैराश्य असे निदान झाले. गोळी सुरू झाली आणि आठवड्यातून एकदा मानसशास्त्रज्ञांबरोबर बोलण्याचे उपचारही. गोळीचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत या वयाच्या मुलांमध्ये बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, आणि बरे वाटले म्हणून मनाने गोळी बंद करू नका, हे त्यांनी दोनदा सांगितले.

पुढे लग्नाच्या वेळी हे निघेल, अशी काळजी पत्नीने बोलून दाखवली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, हे डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १० ते १९ वयाच्या सात मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, हे ऐकल्यावर मात्र ती गप्प झाली. आमच्या गल्लीत त्या वयाची मुले किती, हे ती मोजत असावी.

त्या नवरात्रात ती कालिका देवीच्या यात्रेला आली नाही. दिवाळीत मात्र चकली तळायला स्वयंपाकघरात येऊन बसली, आणि थंडीत झोप रुळावर आली. क्लास आम्ही सोडला. अकरावी तेवढी ठेवली. मधे एक आठवडा पुन्हा वाईट गेला, पण तेव्हा तिने आपण होऊन सांगितले. गोळी अजून चालू आहे.

मानसशास्त्रज्ञांच्या सूचनेवरून तिने स्वतःच्या लक्षणांचा एक कागद लिहिला आहे आणि तो आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. पहिली ओळ अशी आहे: ‘चार दिवस केस विंचरले नाहीत तर विचारा.’ त्याखाली लिहिले आहे: ‘विचारताना दारात उभे राहू नका, आत येऊन बसा.’