अंबाझरीतली ऑक्टोबरची सकाळ: तळ्याकडे पाठ, झुडपांकडे तोंड

कोजागिरी होऊन आठवडा झाला होता. रविवारी पहाटे आम्ही चौदा जण पक्षी बघायला नागपूरच्या अंबाझरी जैवविविधता उद्यानाच्या गेटवर जमलो आणि निम्म्या लोकांनी पहिला प्रश्न विचारला, "बदकं कुठे दिसतील?" आमच्यानंतर जाणाऱ्यांना म्हणून हे आधीच सांगतो. पावसाळा नुकता संपलेला असतो, तलाव काठोकाठ भरलेला असतो, काठावरचा चिखल पाण्याखाली असतो. तलवार बदक, थापट्या ही मंडळी उथळ पाण्यात चरणारी. त्यांची खरी गर्दी पाणी ओसरल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. ऑक्टोबरात यायचं ते लहान स्थलांतरित पाहुण्यांसाठी, आणि ते पाहुणे झुडपांत असतात.

वेळ फार महत्त्वाची. या दिवसांत आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास उजाडतं. बहुतेक लहान पक्षी स्थलांतराचा प्रवास रात्री करतात: हवा थंड असते, ससाण्यांचं भय कमी असतं. उजाडता उजाडता खाली जिथे हिरवं दिसेल तिथे उतरतात आणि उपाशी असल्यामुळे पहिले दोन तास सारखे खात असतात. नऊनंतर ऊन चढतं, मग सगळं गप्प. ऑक्टोबरचं नागपुरी ऊन वेगळं सांगायला नको.

आत शिरून जेमतेम दोनशे पावलं चाललो असू, तोच घाणेरीच्या जाळीतून आवाज आला. चक्. थोडं थांबून पुन्हा चक्. दिसत काहीच नव्हतं. आमच्यातल्या ज्येष्ठ काकांनी सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. दहा मिनिटं. चौदा माणसांना दहा मिनिटं गप्प ठेवणं सोपं नाही, पण त्या दहा मिनिटांनीच सकाळ बदलली. आधी बोरू वटवट्या फांदीवर आला. नावात बोरू, म्हणजे पाणथळीतलं उंच गवत, असलं तरी हिवाळ्यात तो आपल्याकडे साध्या झुडपांतच राहतो. मग वरच्या बाभळीत पर्णवटवट्या, आणि शेवटी रातकिड्यासारखी ‘ट्रर्र’ करत एक माशीमार. शेपूट वर उचलली की बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं चमकायचं. गळ्यावर लाल मात्र नव्हतं. मादी आणि पहिल्या वर्षाची पिल्लं अशीच फिकी असतात, म्हणून लाल रंगाची वाट पाहू नका. चोचीकडे बघा: खालच्या चोचीचं मूळ फिकट असेल तर लाल छातीचा माशीमार, चोच पूर्ण काळपट असेल तर तैगा माशीमार. आमच्याकडे आला तो फिकट चोचीचा. काकांनी खात्री होईपर्यंत वहीत लिहू दिलं नाही, आणि ते मला फार आवडलं.

एका जागी उभं राहणं, हीच माझ्या लेखी या सहलीची खरी शिकवण. किती किलोमीटर चाललो याला इथे काही किंमत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. गटातल्या एकाने तो वटवट्या पुन्हा बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला. कृपा करून असं करू नका. हजारो किलोमीटर उडून आलेला, दहा-बारा ग्रॅमचा जीव. त्याला खायच्या वेळात खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे पळवायचं कशासाठी? मर्लिन ॲप आवाज ओळखायला वापरा, वाजवायला नाही. आणि ॲपने नाव सांगितलं म्हणजे पक्षी दिसला असंही धरू नका.

पुढे गवताळ भागात गप्पीदास, लांब शेपटीचा खाटीक, वेडे राघू. गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे धरून एक भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, तरंगत गेला. मादी होती, की पिल्लू, की कुठल्या जातीचा, ठरेना. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशा वेळी नुसतं ‘भोवत्या’ नोंदवता येतं, तेच केलं. हे भोवत्ये रात्री गवतात जमिनीवरच मुक्काम करतात, त्यामुळे पायवाट सोडून गवतात शिरू नका. त्यांच्यासाठी, आणि घोणस असते म्हणूनही.

कपड्यांचं सांगायचं तर पूर्ण पँट, बंद बूट, मळकट रंग. ऑक्टोबरात कुसळं पिकलेली असतात आणि लोकरी मोज्यांत अशी घुसतात की घरी जाऊन तासभर उपटत बसावं लागतं. गुळगुळीत कापडाचे मोजे घाला. घरी गेल्यावर गोचिडीही तपासा. दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी) पुरते, दोघांत एक असली तरी चालते. पाणी प्रत्येकी एक लिटर. उद्यानाची वेळ आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या. चौदा जण म्हणजे जास्त झाले असं माझं स्पष्ट मत. सात-सातच्या दोन तुकड्या करून उलट दिशांनी गेलो असतो तर बरं झालं असतं.

परतताना तलावाकडे गेलो. दूरवर हळदी-कुंकू बदकांची जोडी होती. सातवीतल्या एका मुलीला चोचीचं पिवळं टोक आणि मुळाशी दोन लाल ठिपके दिसले आणि नावाचा अर्थ कुणी न सांगताच कळला. गेटजवळच्या भिंतीवर मात्र तिनेच आम्हाला थांबवलं. "काका, तो पाहा, शेपूट कशी थरथरवून राहिला!"

थिरथिरा होता. यंदाचा आमचा पहिला.

5 ते 12 नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच घाणेरीसमोर उभे असू. नंतर तर्री पोहे.